नमस्कार, मी आपली वार बोलतेय

माझी सासू आणि माझी वार यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. मला त्या घरात रुजायला चार वर्षं लागली होती. वारेला एक दुपार पुरली.

वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवणारा मांसल गोळा. बाळंतपणात बाळामागून तो पडतो आणि त्यानंतर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझी वार मात्र बोलायची. रोज सकाळी साडेसातला, चहाच्या वेळी, मोबाइलमधून, रेडिओवर बाजारभाव सांगणाऱ्या बाईच्या आवाजात.

"नमस्कार. मी आपली वार बोलतेय. आज सत्ताविसावा आठवडा, दुसरा दिवस. बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा समाधानकारक. गर्भपिशवीच्या भिंतीशी माझी सीमा अस्पष्ट. धन्यवाद."

"रात्री झोप लागली का गं?" आई, म्हणजे सासूबाई, विचारायच्या. मला नाही, मोबाइलला.

"हा प्रश्न माझ्या कक्षेत येत नाही," वार सांगायची.

"बिचारी," असं म्हणून आई चहाचा कप मोबाइलशेजारी ठेवायच्या. तो चहा मीच प्यायचे, पण ठेवला जायचा तो मोबाइलशेजारी.

हे सगळं सुरू झालं विसाव्या आठवड्यात, मिरजेला. आमची जुई पाच वर्षांपूर्वी सिझेरियनने झाली. मधे एक गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला, तेव्हा पिशवी साफ करावी लागली. आता पुन्हा दिवस राहिले आणि सोनोग्राफी बघून डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला की आपण खुर्ची धरावी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"बाळ छान आहे," त्या म्हणाल्या. "भानगड वारेची आहे."

त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. वार आणि पिशवीची भिंत यांच्या मधे एक पातळ थर असतो. पिकल्या संत्र्याची साल सुटावी तशी बाळंतपणात वार त्या थरावरून अलगद सुटते. सोनोग्राफीत हा थर बारीक काळ्या रेघेसारखा दिसतो. पण जुन्या टाक्यांचा व्रण असेल तिथे हा थर धड नसतो. वार नेमकी तिथेच, पिशवीच्या तोंडावर खाली बसली, तर तिची मुळं थेट भिंतीत शिरतात. कधी भिंत ओलांडून मूत्राशयापर्यंत जातात. माझ्या चित्रात बोटभर अंतर ती काळी रेघच नव्हती.

"अशी वार ओढून काढायला गेलं तर रक्त थांबत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दिवस भरत आले की पिशवीला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या वर रक्त जात असतं."

"मग ओढायचीच नाही," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. पिशवीसकट काढायची."

तोंडी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं मला, आणि मग मी काय पास केलंय ते कळलं. बत्तिसाव्या आठवड्यापासून मिरजेला दवाखान्यात राहायचं, कारण तासगावात घरी रक्तस्राव सुरू झाला तर मिरजेपर्यंतचा तासभराचा रस्ता परवडणारा नव्हता. चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियन, आणि त्याच टेबलावर पिशवी काढायची. मी बत्तीस वर्षांची होते. पिशवीचा मला कधी विशेष लळा नव्हता, पण काढायची म्हटल्यावर लागला.

तोवर लक्ष ठेवायला त्यांनी पट्टा दिला. काळा, चार बोटं रुंद, पोटावर बांधायचा. त्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी पोटात जातात आणि रक्त, स्नायू, पाणी यांच्यावरून वेगवेगळ्या तऱ्हेने परत येतात. शिवाय दर आठवड्याला बोटातल्या रक्ताचा एक थेंब द्यायचा, कारण वारेच्या पेशींचे रासायनिक निरोप आईच्या रक्तात तरंगत असतात. दोन्ही मिळून संगणक वारेची हुबेहूब नक्कल रचतो, तिला प्रतिरूप म्हणतात. पूर्वी हे प्रतिरूप नुसते आलेख पाठवायचं. बायका आलेख बघायच्या आणि लग्नाला जायच्या. मग कुणीतरी त्याला आवाज दिला आणि 'मी' म्हणायला लावलं. तेव्हापासून बायका वेळेवर यायला लागल्या. "आलेखाचं कुणी ऐकत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पाहुण्याचं ऐकतात."

आईही बरोबर आल्या होत्या. आता त्या पुढे सरकल्या. "डॉक्टर, ही वार नक्की कुणाची? हिची का बाळाची?"

"बाळाबरोबरच तयार होते. आणि गंमत सांगू? तिच्या वाढीत वडिलांकडून आलेल्या काही जनुकांचं फार चालतं."

आईंनी पदर सावरला. "म्हणजे आमच्याकडची."

माझ्या नवऱ्याने, सुमेधने, छताकडे बघितलं. तो शाळेत गणित शिकवतो आणि घरात कुठल्याही बाजूने बोलत नाही.

परतीच्या वाटेवर, अर्धा रस्ता सरल्यावर आई म्हणाल्या, "आमच्याकडची माणसं अशी दुसऱ्याच्या घरात घुसत नाहीत."

"आपल्याकडे अकरा वर्षं राहिलेले काका?" सुमेध म्हणाला.

आईंनी विचार केला. "हो," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर गेली असेल."

दुसऱ्या दिवसापासून त्या वारेला समजवायला लागल्या. चहा ठेवताना, भाजी निवडताना. "जास्त आत जाऊ नकोस गं. पोरीचं घर आहे ते." वार म्हणायची, ही सूचना माझ्या कक्षेत येत नाही. आई म्हणायच्या, तरी ऐकून ठेव.

तिसाव्या आठवड्यात डोहाळजेवण केलं. झोपाळा नाही, मिरवणं नाही, मी आपली पाटावर बसणार एवढ्या बोलीवर डॉक्टरांनी हो म्हटलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, आणि मधोमध तो काळा पट्टा. आईंच्या जिवाला ते बघवेना.

"शुभकार्यात काळं?"

"काढता येत नाही, आई."

"काढ कोण म्हणतंय? आणि पुरळही आलंय तुला त्याने."

सकाळी त्यांनी पट्ट्यावर घालायला हिरवी खोळ आणून दिली. जुन्या साडीच्या काठाची. काठ नेमका चार बोटं रुंद होता, त्यामुळे पोटाकडूनही काठ आणि बाहेरूनही काठ. पट्टा एकदम मानाचा दिसायला लागला. कापड मऊसूत होतं आणि त्याला लवंगांचा वास येत होता. कुठलं, असं मी विचारलं. "होतं एक जुनं," त्या म्हणाल्या.

शेवटी झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. मी उचललेल्या वाटीत पेढा निघाला. "मुलगा!" असा एकच गलका झाला. आई म्हणाल्या, थांबा, हिला विचारू, ही तर आतच आहे. त्यांनी मोबाइल पाटाजवळ धरला.

"बाळाच्या लिंगाबाबत माहिती देण्यास कायद्याने मनाई आहे," वार म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वार म्हणाली, "गर्भपिशवीच्या भिंतीशी माझी सीमा स्पष्ट. धन्यवाद."

कुणीच कप उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही स्पष्ट. सुमेधने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर शिरगुप्पे परगावी होत्या. माझ्याशी फोनवर एक तरुण डॉक्टर बोलले. "होतं असं मॅडम. पिशवी वाढते तशी वार वर सरकते. आणि हा पट्टा आजवर नऊशे बायकांत चुकलेला नाही. तेहतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून बघू." तोवर संगणकाने माझी बत्तिसाव्या आठवड्याची खाट दुसऱ्या बाईला देऊनही टाकली होती. गरज उरली नाही, असा निरोप आला, सोबत फुलाचं चित्र.

सुमेध जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. आईंनी उरलेले पेढे गल्लीत वाटले. "बघ," त्या मला म्हणाल्या, "आमच्याकडची माणसं उशिरा ऐकतात, पण ऐकतात." आणि तालुक्यातल्या दवाखान्यात, जिथे जुई झाली होती, तिथे बाळंतपणासाठी नाव घालायचं ठरलं. मिरजेचं आता काय काम?

मी एका शीतगृहात बेदाणा प्रतवारीचं काम बघते. सरकत्या पट्टीवरून बेदाणा जातो, वरून कॅमेरा बघतो, यंत्र वाईट दाणे उडवतं, आणि यंत्र चुकलं तर मी त्याला शिकवते. त्या दिवसांत हे घरूनच चाललं होतं. गुरुवारी दुपारी यंत्राने डागी म्हणून चांगला बेदाणा उडवायला सुरुवात केली. प्रत्येक दाण्यावर डाग, त्याच जागी, त्याच आकाराचा. मी फोन करून काच पुसायला सांगितली. काचेवर द्राक्षाच्या सालीचा कपटा होता. आमच्या धंद्यातली पहिली शिकवणच ही: दोन दाणे कधी सारखे नसतात. सारखं काही दिसलं की दाण्याकडे बघायचं नाही, काचेकडे बघायचं.

फोन हातातच होता, म्हणून सहज वारेचं चित्र उघडलं. ती रेघ. माझी नवी, स्पष्ट, लाडकी रेघ. तिच्यावर बारीक त्रिकोण होते. एक, दोन, तीन, सगळे सारखे, सारख्या अंतरावर. मी चित्र मोठं केलं. त्रिकोणांची रांग संपत होती तिथे एक पक्षी होता. त्याला चोच होती.

बेदाणा सोडला तर मी कशातलीच तज्ज्ञ नाही. पण गर्भपिशवीत पक्षी नसतो, एवढं मला माहीत आहे.

मी पोटावर हात ठेवला. बोटांखाली खोळ. काठावर त्रिकोणी नारळी नक्षी, आणि कडेला जरीची मुनिया.

नंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. हल्लीची जरी बहुतेक नावालाच धातूची असते, तिच्यातून रेडिओलहरी बिनघोर जातात. नऊशे बायकांपैकी काहींनी तसली खोळ घातलीही असेल. पण खरी चांदीची जरी लहरींना आरशासारखी परतवते. सलूनमध्ये समोर आणि मागे आरसा असला की आपल्यामागे आपण, त्यामागे आपण, अशी रांग खोल जाताना दिसते, तशा लहरी पट्टा आणि जरी यांच्यात मागेपुढे आपटत राहिल्या. त्या रांगेतलं एक खोटं प्रतिबिंब, एक भूत, नेमकं तिथे दिसलं, जिथे काळी रेघ असायला हवी. संगणकाला रेघ शोधायला शिकवलं होतं. त्याला रेघ मिळाली. पैठणी कुणी शिकवली नव्हती.

हे मी त्याच क्षणी सगळ्यांना सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मी दीड दिवस कुणाला काही बोलले नाही. खोळ घातली की मी बरी होते, काढली की आजारी. शिवाय घरातले सगळे हसत होते, पिशवी माझी माझ्यापाशी राहणार होती आणि जुईला मी मिरजेला असतानाचे आठवडे सोसावे लागणार नव्हते. असलं औषध कोण सोडेल? स्नानाला खोळीसकट पट्टा काढायचे आणि तसाच परत बांधायचे, वरच्या गाठीकडेही न बघता.

शनिवारी सकाळी सुमेध चपला घालायला लागला. "तालुक्याच्या दवाखान्यात नाव घालून येतो. डॉक्टर म्हणाले, जुईच्या वेळची फाइल आहे अजून."

ते डॉक्टर मला आठवले. प्रेमळ माणूस. हाताने वार काढतात आणि काढताना घरच्यांची चौकशी करतात.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "चपला काढ."

आई स्वयंपाकघरात डिंक तळत होत्या. मी जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसले.

"आई, ही खोळ कशाची आहे?"

"का? टोचते?"

"नाही. कशाची?"

त्यांनी गॅस बारीक केला. "माझ्या आईच्या पैठणीची."

"कापलीत?"

"पदर ठेवलाय. काठच घेतला एका बाजूचा." मग जरा वेळाने, "आमच्याकडच्या गोळ्यानेच तुला त्रास दिला. मग आमच्याकडचं काहीतरी तुझ्या अंगाला लागावं, म्हटलं."

मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि चित्र इतका वेळ बघितलं की डिंक करपला.

"ही मुनिया," त्या म्हणाल्या. "पंखाजवळ तार तुटलीय बघ. मी तोडली होती, सात वर्षांची असताना. आईने मारलं होतं." बोट तसंच पडद्यावर राहिलं. "हे तुझ्या पोटातलं चित्र आहे ना?"

"पोटातलं म्हणून आलंय."

"म्हणजे ती अजून आत आहे."

"असेल. खोळ काढली की कळेल."

"आणि नाही काढली तर?"

मी स्वतः दीड दिवस हेच विचारत होते, त्यामुळे रागावायची सोय नव्हती. "नाही काढली तर ती रोज गोड बोलेल," मी म्हटलं.

आईंनी गॅस बंद केला आणि शिवणाचा डबा आणला. मी पोटावरून पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला. सुमेध म्हणाला, कात्री देऊ? "उसवते," त्या म्हणाल्या. "एकदा कापली तेवढं पुरे." एकेक टाका उसवून त्यांनी खोळ उतरवली, घडी घातली, आणि काळा पट्टा स्वतःच्या हाताने माझ्या पोटाला बांधला.

दहा मिनिटं प्रतिरूप नव्याने रचलं जात होतं. मग म्हणालं, "नमस्कार. मी आपली वार बोलतेय. गर्भपिशवीच्या भिंतीशी माझी सीमा अस्पष्ट. मूत्राशयाच्या दिशेने वाढ. कृपया आजच संपर्क साधा. धन्यवाद."

"मग चार-पाच दिवस काय सांगत होतीस?" आई म्हणाल्या.

"मला दिसलं ते सांगितलं."

आईंनी मान हलवली. "मीही तेच बघत होते," त्या मोबाइलला म्हणाल्या.

सुमेधने विनाचालक गाडी बोलावली. ती प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून 'पुढे जाऊ का?' असं विचारायची आणि आई प्रत्येक वेळी 'सावकाश' म्हणायच्या. मिरजेला खाट नव्हती. खिडकीवरची मुलगी म्हणाली, सिस्टिममध्ये तुमची सीमा स्पष्ट आहे. आईंनी तिला मुनिया दाखवली. तिने वरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनाही दाखवली. एव्हाना परतलेल्या डॉक्टर शिरगुप्पे शेवटी आल्या, त्यांनी चित्र मोठं केलं आणि चष्मा काढला. या वेळी मी खुर्ची धरली.

"हा पक्षी आहे का?"

"मुनिया," आई म्हणाल्या. "पैठणीच्या काठावर असते."

पाव तासात मला खाट मिळाली. संध्याकाळच्या सोनोग्राफीत काळी रेघ कुठेही नव्हती.

उरलेले आठवडे मी तिथेच काढले. चौतिसाव्या आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी मला आत नेताना आई स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत आल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ऐकायला मोबाइल नव्हता, तो सुमेधकडे होता. "तू आणि बाळ, दोघं या," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तिथंच ठेवून आलीस तरी चालेल."

साडेतीन तास लागले, रक्ताच्या सात पिशव्या लागल्या. सव्वादोन किलोची मुलगी झाली, म्हणजे पेढा चुकला. पिशवी आणि वार एकत्रच निघाली, कारण त्यांना वेगळं करणं कुणाला शक्य नव्हतं. वार मूत्राशयाला टेकली होती, आत शिरली नव्हती. "तालुक्याला कुणी ओढली असती तर..." डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी आभार मानले.

पट्टा बनवणाऱ्या कंपनीने नंतर सूचनापत्रात एक ओळ घातली: पट्ट्यावर खऱ्या चांदीच्या जरीचे वस्त्र घालू नये. शेजारी काठाचं चित्र. आईंनी ते भिंगातून बघितलं आणि कंपनीला पत्र पाठवलं, की बाकी ठीक आहे, पण तुम्ही काढलाय तो कावळा आहे.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी साडेसातला आई चहा घेऊन आल्या. पट्टा परत गेला होता, प्रतिरूप बंद झालं होतं. मोबाइल उशीशेजारी गप्प पडला होता. त्यांनी सवयीने कप त्याच्याशेजारी ठेवला. मग उचलला. माझ्या पोटाकडे बघितलं, तिथे आता फक्त टाके होते. हळूहळू नजर वर आणून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, लग्नात अंतरपाट दूर झाल्यासारखं.

"रात्री झोप लागली का गं?"

नऊ वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं.

"नमस्कार," मी म्हटलं. "रक्तपुरवठा समाधानकारक. सीमा स्पष्ट. धन्यवाद."

"वाकडं बोलू नकोस," आई म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिला. "झोप लागली का, ते सांग."